वेदनेचे कुलूप आणि अफूची किल्ली

"मॉर्फिन म्हणजे अफूच ना हो, डॉक्टर?" कर्करोगाच्या रुग्णाला वेदनेसाठी मॉर्फिनची गोळी लिहून दिली, की घरातले कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. कधी तो धाकटा भाऊ असतो, कधी शिकलेली सून असते. अफू म्हणजे व्यसन, अफू म्हणजे गुंगी, अफू म्हणजे शेवट, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. परिणाम असा होतो, की गोळ्यांची पुडी कपाटात राहते आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो.

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "होय" असेच आहे. मॉर्फिन अफूपासूनच काढतात. पण हे अर्धेच उत्तर झाले. अफू ज्या जागी जाऊन वेदना थांबवते, ती जागा निसर्गाने आपल्या शरीरात आधीपासूनच तयार करून ठेवलेली आहे. केवळ माणसाच्याच नव्हे, तर उंदीर, घोडा, बैल यांच्याही मेंदूत ती आहे. ही जागा कोणती आणि तिथे नेमके काय घडते, हे समजले की या औषधाची नाहक भीती कमी होते आणि त्याचा गैरवापरही टळतो. आज याच विषयाची ओळख करून घेऊ.

वेदना ही राखणदार

वेदना ही मुळात आपली शत्रू नव्हे. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा बधिर होतात. असा रुग्ण चुलीवरचे तापलेले पातेले हाताने उचलतो, पायात काटा मोडला तरी त्याला कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे गमवावी लागतात. वेदना नसण्याची किंमत ही अशी असते.

भाजी चिरताना बोटाला विळी लागली, तर काय होते? कातडीखालच्या बारीक मज्जातंतूंची टोके जागी होतात. तिथून संदेश निघतो तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत येतो. हा पहिला नाका. इथे पहिला मज्जातंतू आपला संदेश रासायनिक द्रव्याच्या रूपाने दुसऱ्याच्या हवाली करतो आणि दुसरा तो मेंदूपर्यंत पोहोचवतो. मेंदूने दखल घेतली, की आपण "आई गं!" म्हणतो.

महत्त्वाची गोष्ट अशी, की या नाक्यावर मेंदूचा पहारा असतो. कोणता संदेश किती जोराने वर येऊ द्यायचा, हे मेंदू वरून ठरवू शकतो. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने उंदरांच्या मेंदूच्या मध्यभागातील एका करड्या भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते, तरी वेदनेची खूण त्यांनी दाखवली नाही. वेदना बंद करण्याची यंत्रणा मेंदूतच आहे, याचा हा मोठा पुरावा होता.

उंदराच्या मेंदूत सापडलेले कुलूप

अफूच्या बोंडाला चीर देऊन निघणारा चीक माणूस हजारो वर्षे वापरत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्याने त्यातून वेदनाशामक द्रव्य वेगळे केले. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, मॉर्फियसवरून, त्याचे नाव ठेवले गेले. पुढे दीडशेहून अधिक वर्षे डॉक्टर मंडळी मॉर्फिन देत राहिली. पण ते शरीरात नेमके कुठे जाऊन काम करते, हे कोडेच होते.

ते १९७३ साली उलगडले. अमेरिकेतील बाल्टिमोर व न्यूयॉर्क आणि स्वीडनमधील उप्साला अशा तीन ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या मेंदूवर काम करून दाखवून दिले, की मज्जापेशींच्या पृष्ठभागावर या जातीच्या द्रव्यांसाठी खास जागा असतात. बाल्टिमोर येथील कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांचे काम यात विशेष गाजले. या जागांना "रिसेप्टर" म्हणतात. मराठीत आपण त्यांना ग्राहक म्हणू. कुलपाला जशी विशिष्ट किल्लीच लागते, तसे हे ग्राहक. मॉर्फिनची किल्ली त्यांना बेमालूम बसते.

पण मग नवाच प्रश्न उभा राहिला. शेतात उगवणाऱ्या एका झाडाच्या चिकासाठी निसर्गाने उंदराच्या, डुकराच्या आणि माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला करून ठेवावे? उघडच आहे, शरीराची स्वतःची किल्ली असली पाहिजे. १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ती शोधून काढली. तिला "एन्केफॅलिन" म्हणजे "मस्तकातील" द्रव्य असे नाव मिळाले. अशी आणखी द्रव्ये पुढे सापडली. त्यांचे सर्वांना परिचित नाव एंडॉर्फिन, म्हणजे "आतले मॉर्फिन". थोडक्यात, अफू ही शरीराच्या किल्लीची नक्कल आहे. खऱ्या किल्लीपेक्षा जोरकस आणि जास्त वेळ टिकणारी.

किल्ली फिरली, की काय होते?

दोन ठिकाणी दोन कामे होतात. पहिले काम मज्जारज्जूतील नाक्यावर. ग्राहकाला मॉर्फिन चिकटले, की संदेश आणणाऱ्या तंतूच्या टोकातून रासायनिक द्रव्य कमी सुटते आणि ते घेणारी पुढची पेशीही सुस्तावते. संदेश वर जातो तो क्षीण होऊन. दुसरे काम मेंदूच्या त्या करड्या भागात. तिथून खाली नाक्याकडे "आता पुरे" असा हुकूम सुटतो. वरून आणि खालून असा दुहेरी बंदोबस्त होतो. जखम तिथेच असते, तिची जाणीवही थोडीफार असते. पण तिची धार जाते. "दुखतंय, पण आता सहन होतंय," असे रुग्ण सांगतात ते याचमुळे.

या ग्राहकांचे मुख्य तीन प्रकार आहेत. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा "म्यू". मॉर्फिनच्या पहिल्या अक्षराचे हे ग्रीक रूप. १९९६ साली फ्रान्समध्ये शास्त्रज्ञांनी जन्मतःच म्यू ग्राहक नसलेले उंदीर तयार केले. त्यांना मॉर्फिन दिले तर वेदना कमी झाली नाही. आणि मॉर्फिनची चटकही लागली नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आराम आणि चटक यांचे कुलूप एकच आहे. म्हणूनच ही किल्ली कोणाच्या हाती, किती आणि कशासाठी, याला सारे महत्त्व आहे.

घोड्याचा ओठ, बिबट्याचे इंजेक्शन

ही व्यवस्था जनावरांत रोज काम करताना दिसते. बुजऱ्या घोड्याला नाल ठोकताना किंवा टोचताना त्याच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ देऊन धरतात, हे नालबंदांना ठाऊक आहे. घोडा विलक्षण शांत होतो. दुखते म्हणून तो गप्प राहतो, असा सर्वांचा समज. १९८४ साली हॉलंडमधील पशुवैद्यकांनी तपासले, तेव्हा अशा घोड्यांच्या रक्तात एंडॉर्फिन वाढलेले आढळले. आणि ग्राहकांची वाट अडवणारे नॅलॉक्सोन हे औषध आधी दिल्यावर पिळाचा परिणाम होईना. घोड्याचे स्वतःचे मॉर्फिनच त्याला शांत करत होते!

कुलूप तेच असले, तरी प्रत्येक प्राण्यात त्याची मांडणी निराळी असते. कुत्रा मॉर्फिनने गुंगतो. मांजर मात्र जास्त मात्रेत चेकाळते. आपल्या नाशिक परिसरात वस्तीत शिरलेल्या बिबट्याला वनखाते जे इंजेक्शन मारते, ते या जातीचे नसते, वेगळेच भुलीचे औषध असते. उलट हत्ती, गेंड्यांसारख्या अजस्र जनावरांसाठी एटॉर्फिन हे अफूच्या कुळातले औषध वापरतात. ते मॉर्फिनच्या हजारपटींहून अधिक प्रभावी असते आणि काम झाल्यावर उताऱ्याचे इंजेक्शन देऊन जनावराला उठवतात.

इथे एक भेद स्पष्ट करतो. डायक्लोफिनॅक, ब्रुफेन यांसारख्या नेहमीच्या गोळ्या अफूच्या कुळातल्या नव्हेत. त्या या कुलपांना हात लावत नाहीत. मुख्यतः जखमेच्या किंवा सुजेच्या जागी वेदना वाढवणारे द्रव्य तयार होऊ देत नाहीत. त्या सहज मिळतात म्हणून निर्धोक नाहीत. पोटात व्रण होणे, मूत्रपिंडावर ताण येणे हे त्यांचे धोके. डायक्लोफिनॅक टोचलेली मेलेली गुरे खाऊन देशभरातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांच्या दृष्टीने ही बंदी मोलाची ठरली. तेव्हा "साधी दुखायची गोळी" महिनोन्‌महिने मनाने घेणाऱ्यांनी सावध राहावे.

एक किल्ली, अनेक दारे

म्यू ग्राहक केवळ वेदनेच्या वाटेवर असते, तर प्रश्नच नव्हता. पण ते आणखी तीन महत्त्वाच्या ठिकाणी आहेत.

पहिले ठिकाण श्वासाचे केंद्र. मात्रा फार झाली, तर श्वास मंदावतो, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर श्वास थांबतो. अशा वेळी नॅलॉक्सोनचे इंजेक्शन मॉर्फिनला कुलपातून हुसकावून लावते.

दुसरे ठिकाण आतडे. इथे मॉर्फिन बसले, की आतड्याची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठ होते. जुलाबावर मिळणारी लोपेरामाइडची गोळी याच कुळातली. नेहमीच्या मात्रेत ती मेंदूत शिरत नाही, म्हणून गुंगी आणत नाही. लहान मुलांना मात्र ती देऊ नये.

तिसरे ठिकाण सुखाचे केंद्र. चटक लागते ती इथे.

या तिन्ही दारांची जुनी आणि दुःखद आठवण आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन जात. १९२०च्या दशकातील सरकारी नोंदींत याचा उल्लेख आहे. मूल दिवसभर झोपे, भूक विसरे, त्याचे पोट धरे. आणि एखादे पुन्हा उठतच नसे. त्या माऊल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलाला सांभाळायला कोणी नव्हते. पण धडा आजही लागू आहे. अफूच्याच कुळातील कोडीन असलेले खोकल्याचे औषध बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये.

मग व्यसन लागेल का?

इथे तीन शब्दांची गल्लत होते. सवय, अवलंबन आणि व्यसन. काही दिवसांनी तेवढ्याच आरामासाठी थोडी जास्त मात्रा लागणे, ही शरीराची सवय. औषध एकदम बंद केले तर घाम, जुलाब, अस्वस्थता होणे, हे अवलंबन. रोजचा चहा चुकला की डोके चढते, त्यातलाच हा प्रकार, फक्त अधिक तीव्र. मात्रा हळूहळू उतरवली की ते टळते. व्यसन ही निराळी गोष्ट. वेदना नसताना, नुकसान दिसत असताना, त्या द्रव्याच्याच मागे लागणे म्हणजे व्यसन. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने असे व्यसन लागणे क्वचित घडते. ज्याला पूर्वी कसले व्यसन होते, त्याच्या बाबतीत अधिक लक्ष ठेवावे लागते. पण वेदना सोसायला लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

माझ्या पाहण्यातील एक द्राक्षबागायतदार गृहस्थ होते. तंबाखूपायी गालाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, किरणे झाली, तरी आजार उलटला. भिंतीला टेकून बसूनच रात्र काढायचे. मुलगा मोठा मायाळू. "आण्णांना सवय लागंल म्हणून मी दिवसातनं एकच गोळी देतो, तीही फार कण्हले तर," असे त्याने मला सांगितले. मी त्याला समजावले, "अरे, तू गोळी वाचवतो आहेस, पण आण्णांचे दिवस वाया जाताहेत." चार चार तासांनी ठरलेली मात्रा सुरू केली, जोडीला पोट साफ होण्याचे औषध दिले. तिसऱ्या रात्री आण्णा आडवे होऊन झोपले. आठवड्याने ओट्यावर खाट टाकून छाटणी बघायला बसले. पुढे ते अडीच महिने जगले. त्या अडीच महिन्यांत मुलाला सोसायटीचा हिशेब समजावून सांगितला, नातवाशी खेळले. मॉर्फिनने त्यांचा कर्करोग बरा केला नाही. पण उरलेले दिवस त्यांना परत दिले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुनी पाठदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांसाठी या कुळातील औषधे महिनोन्‌महिने घेणे हिताचे नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून ती सढळ हाताने लिहिली गेली आणि लाखो माणसे अतिमात्रेने दगावली. ट्रॅमॅडॉलची गोळी आपल्याकडे कित्येक वर्षे सहज मिळत असे. गैरवापर वाढल्याने २०१८ साली तीही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली.

पिकते इथे, मिळत नाही इथेच

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात, तसेच राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही आपलेच रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळले. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा कडक कायदा लागू झाला. हेतू योग्य होता. पण अनेक परवान्यांची कटकट आणि चुकीला दहा वर्षांची शिक्षा, यामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९८५च्या सुमारास देशात वर्षाला पाचशे किलोंच्या वर असलेला वैद्यकीय वापर १९९७ साली अवघ्या १८ किलोंवर आला! डॉक्टरांच्या एका पिढीला हे औषध हाताळायला शिकायलाच मिळाले नाही.

याच काळात काही मंडळींनी वेगळी वाट धरली. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू केला. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांसाठीची ही देशातील पहिली संस्था. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तीव्र वेदनेच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. केरळात कालिकतपासून घरोघरी वेदनाशमनाचे काम उभे राहिले. परळच्या टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे; पंचवटी एक्सप्रेसने परळ गाठणाऱ्या आपल्याकडील रुग्णांनी तिथे जरूर चौकशी करावी. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला एकाच परवानगीवर मॉर्फिन ठेवता येते. कायद्याची अडचण बरीच सरली. मनातली अडचण मात्र अजून शिल्लक आहे.

घरच्यांनी काय करावे?

१. रुग्णाला रोज विचारावे, "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य, मग आज किती?" आकडा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावा. सोसणे म्हणजे मोठेपणा नव्हे.

२. गोळी घड्याळ लावून द्यावी. वेदना उसळण्याची वाट पाहू नये. मात्रा मनाने वाढवू नये, मनाने तोडूही नये. सावकाश विरघळणारी गोळी फोडून किंवा कुटून कधीही देऊ नये.

३. पहिल्या दिवसापासून सोनामुखीसारखे पोट साफ होण्याचे औषध डॉक्टरांना विचारून सुरू करावे. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला इसबगोल देऊ नये. पोट आणखी अडते.

४. मळमळ आणि पेंग बहुधा काही दिवसांत ओसरते. मात्र हाक मारूनही रुग्ण जागा होत नसेल, श्वास फार मंद असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांच्याशी याची सांगड घातक आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगावे.

५. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. त्या शेजाऱ्याला, मुलांना, कुत्र्याला किंवा गुरांना कधीही देऊ नयेत. उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या तिथे परत कराव्यात.

६. मॉर्फिन गल्लीतल्या औषध दुकानात बहुधा मिळणार नाही. जिथे कर्करोगाचे उपचार चालू आहेत तिथे किंवा जिल्हा रुग्णालयात वेदनाशमन अर्थात उपशामक उपचारांची चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. १९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसते बिनगुणाचे द्रव टोचले, तर कित्येकांचे दुखणे कमी झाले. पण नॅलॉक्सोन दिल्यावर तो आराम ओसरला. म्हणजे "आता बरे वाटेल" या भरवशानेही मेंदूतील आतले मॉर्फिन सुटते. म्हणून रुग्णाजवळ बसा, त्याच्याशी बोला, त्याला एकटे टाकू नका. पण नुसत्या धीराने भागत नसेल, तेव्हा गोळी अडवून धरू नका. धीर आणि औषध, दोन्ही एकाच कुलपाच्या किल्ल्या आहेत.